चैत्रातले किनारे आणि परतीचे पक्षी

कोकणपट्टीत वसंताचे आगमन आंब्याच्या मोहोराने आणि शिमग्याच्या पालख्यांनी जाहीर होते. परंतु त्याच पंधरवड्यात, साऱ्या गावाची नजर सहाणेवर नाचणाऱ्या पालखीकडे लागलेली असताना, जो कोणी पाखाडी उतरून एकटाच पुळणीवर जाईल, त्याला ओहोटीच्या ओल्या वाळूवर एक निराळेच रंगांतर चाललेले दिसेल. हिवाळाभर ज्यांना ‘करडे’ या एकाच विशेषणात गुंडाळून मोकळे व्हावे असे वाटत होते, ते किनाऱ्यावरचे पक्षी या दिवसांत एकेक करून वेष पालटू लागतात. पौषात डोळ्यामागे केवळ एक काळसर ठिपका बाळगणाऱ्या कुरवाच्या मस्तकावर फाल्गुन सरता सरता गडद तपकिरी टोपरे चढते. बाकदार चोचीचा जो तुतवार माघापर्यंत पांढऱ्या पोटाचा होता, तो चैत्रात विटकरी होऊन जातो. आणि वाळूच्याच रंगाच्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा व डोळ्यांवर काळी पट्टी अशी उमटते की, हाच तो पक्षी हे नवशिक्याला सांगूनही पटत नाही.

पक्षिनिरीक्षणाचा हंगाम म्हणजे हिवाळा, असा आपल्याकडे एक शिरस्ता पडून गेलेला आहे. संख्येच्या दृष्टीने तो खोटा नव्हे. मार्गशीर्ष-पौषात खाड्यांच्या मुखाशी जितके थवे उतरतात तितके चैत्रात राहत नाहीत. परंतु ज्याला पक्षी केवळ मोजायचा नसून ओळखायचा आहे आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे आहे, त्याने फाल्गुन वद्यापासून वैशाखाच्या प्रारंभापर्यंतचे दिवस राखून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण पक्षी आपल्या पूर्ण वेषात आणि तरीही आपल्या मुलखात, असा योग वर्षातून एवढाच येतो.

हा वेष आपल्यासाठी नसतो, हे सांगावयास नको. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटे करतो, चिखल्यांच्या काही जाती त्याच पठारावर वीण काढतात, आणि बाकदार चोचीचा तुतवार तर थेट सायबेरियाच्या उत्तर टोकाच्या हिमप्रदेशात जातो. तेथला उन्हाळा इतका अल्पजीवी असतो की, पोहोचल्यावर पिसे बदलीत बसण्यास अवकाशच नसतो. म्हणून जोडीदाराला दाखवायची वस्त्रे प्रवासाआधीच, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर असतानाच, अंगावर चढवावी लागतात. नवी पिसे उगवणे हे शरीराला खर्चाचे काम, आणि त्याच काळात दूरच्या उड्डाणाची शिदोरीही बांधून घ्यायची असते. ही शिदोरी म्हणजे मेद. किनाऱ्यावरचे अनेक पक्षी निघण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत आपले वजन निम्म्याने वाढवतात आणि काही जाती तर ते जवळजवळ दुप्पट करतात. पट्टेरी शेपटीच्या मळगुज्याचा अलास्कात अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की, उड्डाणाआधी त्याचे पोट व आतडी आकसून लहान होतात. वाटेत खायचे नाही तर पचनेंद्रियांचे ओझे वाहायचे कशाला, असा निसर्गाचा चोख हिशेब. याच जातीच्या एका अवघ्या पाच महिन्यांच्या पिल्लाने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंतचे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, मध्ये कोठेही न उतरता, तोडल्याची नोंद त्याच्या अंगावरील उपग्रह-यंत्राने केली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही या जातीचे थोडे पक्षी हिवाळा काढतात. तेव्हा चैत्रातल्या एखाद्या सकाळी चिखलात खाली मान घालून अविश्रांत चोच मारीत असलेला पक्षी दिसला, तर तो निव्वळ पोट भरीत नसून प्रवासाचा खर्च जमवीत आहे, असे समजून चालावे.

आता हा योग साधायचा कसा? येथे घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस सूर्याने ठरत नाही. तो भरती-ओहोटीने ठरतो. पाणी हटले की भोजनशाळा उघडते आणि पाणी चढले की ती मिटते, मग वेळ मध्यान्हीची असो वा मध्यरात्रीची. कोकणातल्या खलाशांना आणि कालवे काढणाऱ्या बायकांना भरतीची वेळ सांगणारे एक गणित तोंडपाठ असते: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या तासाला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. आणि भरतीपासून सहा तासांनी ओहोटीचा तळ. या गणिताच्या मुळाशी खगोलशास्त्रच आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, त्याच्या मागोमाग भरतीही रोज तितकीच सरकते, आणि पाऊण तास ही त्या पन्नास मिनिटांची व्यवहारी गोळाबेरीज. बंदरखात्याच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तर अर्ध्या तासाचा मागेपुढे फरक पडतो, खाडीच्या आत जावे तसा तो वाढतो. परंतु सहलीचा बेत आखण्यास एवढे पुरे.

या गणितातून छायाचित्रकाराने काय घ्यावे, ते पाहू. अष्टमीच्या आसपास पाणी सकाळी सहाला भरलेले आणि दुपारी बाराला हटलेले. त्यात तो भांगाचा काळ, म्हणजे पाण्याची चढउतार थोडी. सकाळच्या कोवळ्या उन्हात पक्षी नाहीत, आणि पक्षी आहेत तेव्हा डोक्यावर सूर्य व वाळूवरून उठणारी वाफ. ही तिथी सर्वांत वाईट. याउलट पौर्णिमेला वा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा तळ पहाटे सव्वापाचला. सूर्योदयाच्या वेळी पक्षी दूर पाण्याच्या कडेला विखुरलेले असतात आणि त्यानंतर उधाणाचे पाणी घटकेघटकेला त्यांना किनाऱ्याकडे ढकलीत आणते. पुढच्या द्वितीया-तृतीयेपर्यंत हेच, रोज पाऊण तास उशिरा, चालते. जो माणूस उजाडताच पुळणीवर एका जागी बैठक मारून, हलता न डुलता बसून राहील, त्याच्यापाशी आठ-साडेआठच्या सुमारास पक्षी आपल्या पायांनी चालत येतात. द्वादशी-त्रयोदशीची गोष्ट आणखी निराळी. तेव्हा नऊ-पावणेदहाच्या भरतीला सारे थवे उंचवट्यावर, खाडीमुखाच्या वाळूच्या दांड्यावर किंवा मिठागराच्या बांधावर, एका पायावर उभे राहून विश्रांती घेतात. तेव्हा हालचाल टिपता येत नाही. परंतु निरनिराळ्या जाती एका चौकटीत शेजारी शेजारी मिळतात व त्यांचे लहानमोठेपण तुलनेने कळते.

प्रकाशाच्या दिशेचाही विचार करावा लागतो, आणि तो फारसे कोणी करीत नाही. आपला किनारा पश्चिमाभिमुख. त्यामुळे सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने, पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि समोरचा पक्षी पिसान्‌पिसे उजळलेला दिसतो. संध्याकाळी हाच सूर्य समुद्रावर जातो आणि पक्ष्यांच्या केवळ काळ्या आकृती उरतात. मुंबईच्या शिवडीची गोष्ट मात्र बरोबर उलट. शिवडीचा चिखल शहराच्या पूर्वेस, तेथे उभे राहणाऱ्याचे तोंड उगवतीकडे. म्हणून तेथे दुपार उलटल्यावर जावे, आणि सकाळ घ्यायची असेल तर खाडीच्या पलीकडची ऐरोलीची बाजू धरावी. शिवडीच्या धक्क्यावर सकाळी सातला जाऊन ‘रोहित पक्षी काळेच आले’ म्हणून कॅमेऱ्याला दोष देणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांचा विषय निघालाच आहे. १९९० नंतरच्या दशकात ते शिवडीच्या चिखलात मोठ्या संख्येने दिसू लागले, आणि आता कार्तिक-मार्गशीर्षापासून थेट ज्येष्ठापर्यंत ठाण्याची खाडी त्यांनी गुलाबी होते. यांत दोन जाती: मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीच्या टोकाला काळा, धाकटा रोहित ठेंगणा, गडद आणि काळसर तांबड्या चोचीचा. धाकट्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यातली सूक्ष्म नीलहरित शेवाळे. चोच उलटी करून तो पाणी आत ओढतो, जिभेने बाहेर फेकतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत शेवाळ अडकवून घेतो. त्याचा रंगही त्या शेवाळातल्या रंगद्रव्याचाच. या खाडीच्या भागाला २०१५ साली रोहित अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला म्हणून संकट टळले, असे मात्र नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात एका प्रवासी विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मरण पावले. आणि नवी मुंबईच्या बाजूची तळी व मिठागरे, जेथे हे पक्षी भरतीच्या वेळी आसरा घेतात, त्यांच्यावर बांधकामाची टांगती तलवार आहेच. खाडीतला चिखल राखला आणि भरतीचा आसरा गमावला, तर दिवसातून दोनदा पाणी चढल्यावर पक्ष्यांनी उभे राहावे कोठे, हा प्रश्न नियोजनाच्या दफ्तरात फारसा उमटत नाही.

मिठागरांचा आणि पक्षिशास्त्राचा आपल्याकडे एक जुना, काहीसा मौजेचा संबंध आहे. ‘ईहा’ या आद्याक्षरांनी लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे जन्माने सातारचे आणि नोकरीने मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्याचे अंमलदार. उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द अशा मुक्कामी मिठाचा आणि जकातीचा बंदोबस्त पाहता पाहता या गृहस्थांनी किडे, बेडूक, पक्षी यांच्याविषयी जे खेळकर निबंध लिहिले, त्यांतूनच पुढे १९०० साली मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापिली त्यांत ते होतेच, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन एतद्देशीय वैद्यही होते, ही गोष्ट आपण अकारण विसरतो. याच संस्थेच्या छायेत वाढलेल्या सालिम अलींचा किहीमच्या किनाऱ्याशी कसा ऋणानुबंध होता, सुगरणीच्या घरट्यांचे त्यांचे गाजलेले निरीक्षण तेथेच कसे झाले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पक्षिछायाचित्रणाचा आपल्याकडचा पहिला बहर त्यानंतरचा: लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ चे, आणि सालिम अलींबरोबर हिंडलेले सिंगापूरचे लोक वान थो यांचे १९५७ चे. ती मंडळी काचेच्या पट्ट्या व जड पेटारे घेऊन आडोशाच्या राहुटीत तासन्‌तास बसत. आज यंत्र हलके व शीघ्र झाले आहे; बसण्याची सवय तेवढी गेली.

जेथे बसावे अशा जागा कितीतरी आहेत. अलिबागेजवळची आक्षी ही त्यांतली माझी आवडती. शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, मराठीतला आद्य म्हणून पुष्कळ विद्वानांनी मानलेला शिलालेख याच गावचा. पक्ष्यांच्या मागे गेलेल्याने तो पाहून यावा, एवढेच. तेथल्या पुळणीवर कालवफोड्या दिसण्याचा संभव असतो. काळापांढरा देह, गाजरी रंगाची लांब चोच, आणि त्या चोचीचा उपयोग शिंपल्याच्या दोन झडपांत पाचरीसारखा. त्याच्या शेजारीच, लाट मागे हटली की तिच्या पाठीमागे धावत जाणारा आणि ती उलटली की तितक्याच लगबगीने परतणारा पांढुरका सँडरलिंग असतो. दुर्बिणीतून त्याच्या पायांकडे नीट पाहिले तर इतर तुतवारांना असते ते मागचे बोट त्याला नाही, हे ध्यानात येते. मोठा कुरल सापडला तर अर्धा तास त्यालाच द्यावा. जवळजवळ वीतभर लांबीची, खाली वळलेली चोच तो डोळ्यांपर्यंत चिखलात रोवतो. तिच्या टोकाशी स्पर्शाची सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असतात आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडण्याची त्याला सोय आहे. खेकडा हाती लागला की तो एकदम गिळत नाही. त्याला धरून झटकतो, आपटतो, एकेक नांगी व पाय गळून पडेपर्यंत हा उद्योग चालतो, मग उरलेले धड हवेत किंचित उडवून गिळतो, आणि चोच पाण्यात खळबळून पुन्हा कामाला लागतो. एवढे एक दृश्य पुरते टिपलेला छायाचित्रकार, मला वाटते, पन्नास उडत्या थव्यांच्या चित्रांपेक्षा अधिक घेऊन येतो.

दक्षिणेकडे जावे तसा किनाऱ्याचा स्वभाव बदलतो. खंबायतच्या आखातात दहा मीटरांहून अधिक, मुंबईला उधाणात पाच मीटरांच्या आसपास, आणि गोव्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन, अशी पाण्याची चढउतार कमी कमी होत जाते. म्हणून ठाणे-पालघरकडे मैलभर चिखल उघडा पडतो, तर सिंधुदुर्गात वाळूची अरुंद पट्टी. चिखलातले थवे तेथे विरळ होतात. त्यांची जागा कुरव व सुरय घेतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापणीचे जाळे ओढले जात असताना त्याच्या भोवती घिरट्या घालणाऱ्या कुरवांचे चित्र घेण्यास चैत्रासारखा काळ नाही; फक्त दोर ओढणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये, आणि चित्र घेण्याआधी त्यांना विचारावे. गोव्यात मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी कुरव आणि चिखल्यांचे मोठे मेळावे असतात. दापोली, गुहागर, देवगड या बाजूला आणखी एक मानकरी आहे: पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, ज्याला कोकणात काकण म्हणतात. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग दिसला आणि खाली समुद्रसापांचे सांगाडे पडलेले आढळले, तर ते त्याचे घर समजावे व तेथून लांब राहावे. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर पाकोळ्या व सुरय वीण काढतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली त्यांच्याविषयी लिहिले होते. पुढे तेथल्या पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरटी विक्री होऊ लागली, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या प्रारंभी ती उजेडात आणून घरट्यांना राखण बसविली. त्या बेटांवर छायाचित्रासाठी उतरण्याचा मोह कोणीही धरू नये.

साहित्याविषयी थोडक्यात. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स, शक्य तर वाळूवर पालथे पडून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र, हलत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद उघडझाप, आणि चकाकत्या पाण्यावरच्या पांढऱ्या पक्ष्याला यंत्र फसते हे ओळखून हाताने केलेली प्रकाशाची दुरुस्ती, एवढे पुरेसे आहे. उन्हे चढल्यावर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागते आणि मग कितीही किमती लेन्स असो, चित्र धूसरच येते. तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून दुर्बीण काढावी. घरी आल्यावर खारट दमट हवेचा थर ओल्या फडक्याने पुसावा, कारण कोकणच्या किनाऱ्यावर लेन्सचा खरा वैरी वाळू नसून मीठ आहे.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. थवा उडाला की चित्र नाट्यमय येते, म्हणून त्याच्याकडे धावत जाणे, टाळ्या वाजविणे, अलीकडे तर डोक्यावरून ड्रोन फिरविणे, असले प्रकार किनाऱ्यावर सर्रास दिसतात, आणि करणाऱ्यांना त्यात काही गैर केले असे वाटतही नाही. भरतीमुळे खाण्याचे तास मोजके. त्यांतही प्रत्येक उड्डाणाने साठविलेला मेद जळतो आणि खाण्याची घटका वाया जाते. पौषात ही तूट भरून निघते, कारण पुढे महिने असतात. चैत्राच्या अखेरीस ते महिने नसतात. शिमगा, गुढीपाडवा आणि शाळांच्या सुट्या लागोपाठ येऊन पुळणीवर गर्दी, वाहने आणि मोकाट कुत्री नेमकी याच वेळी वाढतात, हे पक्ष्यांचे दुर्दैव. वाळूच्या वरच्या कोरड्या भागात टिटव्या आणि छोट्या पाणभिंगऱ्या याच दिवसांत उघड्यावर अंडी घालतात. वाळूच्याच रंगाची ती अंडी पायाखाली येतात ती येतातच, पण चित्रासाठी कोणी जवळ ठाण मांडले तर आई दूर राहते आणि दुपारच्या उन्हात अंडी भाजून निघतात. एखादी टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली तर आपण तिच्या हद्दीत शिरलो आहोत असे समजून आल्या पावली मागे फिरावे.

वैशाखाच्या मध्यापर्यंत बहुतेक प्रवासी निघून जातात. ज्यांचे वय अद्याप विणीचे झालेले नाही असे काही तरुण पक्षी मात्र करड्या वेषातच मागे राहतात आणि पावसाळाही येथेच काढतात; त्यांची नोंद ठेवणारे फार थोडे, म्हणून तीही ठेवावी. जाणाऱ्यांतल्या एखाद्याच्या पायात धातूचे कडे वा रंगीत पट्टी दिसली, तर चेहऱ्याचे सुरेख चित्र बाजूला ठेवून आधी त्या पायाचे चित्र घ्यावे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९५९ पासून पक्ष्यांना अशी कडी घालीत आली आहे, आणि दुसऱ्या देशांत कडी चढविलेले पक्षीही आपल्याकडे येतात. पट्टीवरची अक्षरे, दिवस, गाव आणि शक्य तर भरतीची स्थिती लिहून ते चित्र मुंबईच्या हॉर्नबिल हाउसमधील सोसायटीच्या कार्यालयाकडे पाठवावे; तो पक्षी कोठून आला आणि कोणत्या वाटेने गेला, हे कळण्याचा तोच एक साधा मार्ग आहे.